किती येतीन?

“किती येतीन?”

माझ्या पहिल्या नोकरीतलं हे पहिलं वाक्य. मी खुर्चीत धड टेकलेही नव्हते. समोर हिरव्या अक्षरांचा पडदा लुकलुकत होता, नागपूरहून मिळवलेलं एसक्यूएलचं, म्हणजे कॉम्प्युटरला प्रश्न विचारायच्या भाषेचं, सर्टिफिकेट पर्समध्ये घडी न पाडता ठेवलेलं होतं, आणि ऐन मे महिन्यात लोकरीचा चॉकलेटी स्वेटर घातलेले एक गृहस्थ माझ्या डोक्यावर उभे राहून विचारत होते, किती येतील. पाहुण्यांबद्दल काही असावं असं वाटून मी म्हटलं, “कोण?”

“ओळी,” ते म्हणाले. “तुमी आता मशीनले प्रश्न इचाराल. ते ओळी छापीन. किती छापीन, ते आधी सांगा.”

“ते मशीनच सांगेल ना, साहेब.”

“मंग तुमाले कावून ठेवलं?”

हे आमच्या संगणक विभागाचे प्रमुख. मस्टरवर त्यांचं नाव होतं, पण ते मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. सगळा कारखाना त्यांना ‘किती’ म्हणायचा. कारखाना म्हणजे भिलाईचा मोठा पोलादाचा प्लांट नव्हे, प्लांटला ओतीव लोखंडाचे सुटे भाग पुरवणारा एक खासगी कारखाना, पावर हाउस स्टेशनापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. मी दुर्गहून लोकलने यायची. वडील रेल्वेत गार्ड, त्यामुळे घरात वेळेची शिस्त होती आणि आपल्या पोरीला कॉम्प्युटर येतो याचा अभिमानही. त्या अभिमानाची हवा साहेबांनी पहिल्या पाच मिनिटांत काढली.

विभाग कसला, जुन्या ड्रॉइंग ऑफिसला प्लायवूडची भिंत घालून केलेली एक खोली. एसी मशीनसाठी होता, आम्ही त्यातली शिल्लक थंडी वापरायचो. चपला-बूट बाहेर काढायचे, कारण धूळ आत आली तर मशीन बिघडतं. इथवर ठीक आहे, त्या काळी सगळीकडे तसंच होतं. आमच्याकडे पुढे मोज्यांची तपासणीही व्हायची. भोक असलेला मोजा साहेबांना चालत नसे. “भोकातून काय पडन ते काय सांगता येते?” असं ते गंभीरपणे विचारायचे. जनरल मॅनेजरलाही त्यांनी एकदा एका पायावर उभं केलं होतं.

आणि त्यांच्या टेबलावर तो डबा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेली. कॉम्प्युटरला काहीही विचारायचं असेल तर आधी एका चिठ्ठीवर आकडा लिहायचा, किती ओळी येतील त्याचा. एक चिठ्ठी आपली, एक साहेबांची. दोन्ही पेपरवेटखाली. मग क्वेरी चालवायची, उत्तर आलं की चिठ्ठ्या उघडायच्या. जुळलं नाही तर कारण शोधायचं. जुळलं की चिठ्ठ्या डब्यात आणि प्रिंटआउटवर लाल पेन्सिलीने साहेबांची सही. त्या सहीशिवाय आमच्या विभागातून कागद हलत नसे. महिनाभरात मला त्या डब्याचा इतका राग आला की तो पावर हाउसच्या भंगारवाल्याला देऊन चिवडा घेण्याची स्वप्नं मी पाहायची.

साहेब कॉम्प्युटर कसे शिकले हा वेगळाच विनोद. मूळचे ते टाइमकीपर. सँड प्लांटमध्ये, म्हणजे साच्यांची वाळू जिथे चाळतात आणि भाजतात तिथे, एका जाळीच्या खिडकीत बसून अठरा वर्षं त्यांनी हजेरी लिहिली. कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा कुठल्या रजिस्टरात काय आहे हे फक्त त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनाच त्याच्यापुढे बसवलं. वयाच्या पन्नाशीत त्यांनी एका झेरॉक्स मॅन्युअलवरून एसक्यूएल शिकून घेतलं. ते झेरॉक्स कोणीतरी घाईत काढलेलं, मधली वीस-पंचवीस पानं काळीकुट्ट. साहेबांचं ज्ञानही तसंच होतं, एका जागेपर्यंत लखलखीत आणि मग एकदम अंधार. अंधारातलं ते स्वतःच्या डोक्याने भरून काढत आणि वर मला सुनावत, “तुमच्या सर्टिफिकेटवाल्याईनं सारी पानं वाचली, तरी किती येतीन ते एकाले सांगता येत नाही.”

त्यांचा खोकला त्यांच्या दहा पावलं पुढे चालायचा. कोरडा, दोन ठोक्यांचा. डेटा भरणारी आमची ऑपरेटर आणि मी त्या खोकल्याचा चांगला उपयोग करून घेतला होता. व्हरांड्यात पहिला ठोका ऐकू आला की समोसे ड्रॉवरमध्ये, दुसऱ्या ठोक्याला बोटं की-बोर्डवर. मे महिन्यातल्या स्वेटरचं कारणही खोकलाच होतं, पण आम्ही ‘साहेबांना एसी मानवत नाही, बैलगाडी मानवते’ असं म्हणून हसायचो. ऑपरेटर तर त्यांच्या खोकल्याची इतकी हुबेहूब नक्कल करायची की एकदा शिपाई चहा घेऊन धावत आला.

ऑफिसबाहेरही हा माणूस सुधारत नसे. संध्याकाळी लुनावरून जुनवानीला घरी जाताना रेल्वेफाटक लागायचं. फाटक उघडं असेल आणि लांबून मालगाडी दिसत असेल, तर बाकीचे लोक गाडी यायच्या आत पलीकडे जायची घाई करतात. साहेब लुना बंद करून थांबायचे. बॉलपेनने तळहातावर आकडा लिहायचे आणि मग डबे मोजायचे. मी रिक्षातून स्टेशनला जाताना हे दृश्य कितीदा पाहिलं आहे. एकदा थांबून विचारलं, “आज बरोबर आलं का, साहेब?” तर चेहरा पडलेला. “बरोबर आलं.” मग त्यात वाईट काय? म्हणाले, “उत्तर बरोबर आलं का मले भेव लागते, बाई. चुकलं त कुठं चुकलं ते शोधता येते. बरोबर आलं त काय शोधता?”

सेक्टर दहामध्ये एका अमरावतीकर अधिकाऱ्याकडे गणपतीचं जेवण होतं, भिलाईतली झाडून सगळी मराठी मंडळी बोलावलेली. साहेबांनी दारातच यजमानांना विचारलं, “किती येतीन?” ते बिचारे म्हणाले, असतील साठेक. साहेबांनी पानांवर बोट नाचवत मोजणी सुरू केली. यजमानीणबाई हात जोडून मागे, “भाऊजी, बसा ना आता, भजे गार होऊन राहिले.” “थांबा वयनी, दोन जास्त बसले.” ते दोन म्हणजे मांडववाल्याची माणसं, भुकेली, चुपचाप शेवटच्या पानावर बसलेली. साहेबांनी बोट दाखवलं तेव्हा त्यातल्या एकाच्या तोंडात घास होता. यजमान लाजेने काळेठिक्कर पडले, त्या दोघांना जास्तीची पुरणपोळी वाढून त्यांनी वेळ मारून नेली. साहेब मात्र हिशेब लागला म्हणून शांतपणे जेवले. त्या दिवशी माझ्या आईने मला विचारलं, “या मानसाजवळ तू दिवसभर कशी बसते वं?”

त्यांना फक्त हसून सोडता येत नव्हतं, ही खरी अडचण. माझा पहिला मोठा रिपोर्ट सेफ्टी बुटांचा होता. कोणाला किती नंबरचा बूट लागतो, त्याची यादी. मी कर्मचाऱ्यांचा तक्ता पत्त्यांच्या तक्त्याला जोडला, म्हणजे बूट कुठल्या क्वार्टरवर पोचवायचे तेही छापता येईल. ऐटीत प्रिंट काढला. साहेबांची चिठ्ठी सहाशे अकराची, माझा कागद साडेआठशेच्या वर. “कारखान्यात मानसं सहाशे अकरा,” ते म्हणाले, “हे बाकीचे पाय कोनाचे?” आपल्याकडच्या बऱ्याच कामगारांचे दोन पत्ते, एक इथला आणि एक गावाकडचा. जितके पत्ते तितक्यांदा माणूस छापला गेला होता. बुटांची ऑर्डर तशीच गेली असती तर अडीचशे जोड जास्तीचे आले असते. आभार मानायचं सोडून मी रात्री घरी जाऊन रडले.

माझ्या रडण्याला आणखी एक कारण होतं. मी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होते आणि कायम करण्याचा फॉर्म साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. सहावा महिना संपला, आठवा लागला. विचारलं की एकच उत्तर, “तुमाले अंदाज येऊ द्या, मंग पाहू.” माझ्या बरोबरीच्या मुली स्वेटर विणत कायम झाल्या होत्या, आणि मी अंदाज विणत बसले होते.

आता एक्स-रेच्या यादीबद्दल सांगते.

सँड प्लांटमधल्या प्रत्येक माणसाची छाती वर्षातून एकदा तपासायची असा नियम होता, कारण तिथली बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते. एक्स-रेची गाडी रायपूरहून यायची. त्या वर्षी हिवाळ्यात ती एकदा येऊन गेली, पण बरेच लोक राहिले. उरलेल्यांची यादी आम्ही काढायची होती. यादीत माणसं असली तर गाडी पुन्हा येणार, नसली तर मॅनेजरसाहेब फोन करून ती रद्द करणार.

राहिलेल्यांपैकी एक मनहरण. वाळू चाळणारा, जुनवानीच्या पुढच्या खेड्यातला, हाडकुळा, नेहमी हसरा. तो रोज जेवणाच्या सुटीत आमच्या खिडकीशी यायचा आणि विचारायचा, “बाई, मोर फोटू के नंबर कब आही?” फोटू म्हणजे एक्स-रे. त्यालाही खोकला होता. खिडकीच्या बाहेर तो खोकायचा आणि आत साहेब, असे आळीपाळीने, आणि ऑपरेटर माझ्याकडे पाहून डोळे मोठे करायची. आम्हाला ते भयंकर विनोदी वाटायचं.

त्या दिवशी मी मुळातच चिडलेली होते. माझी क्वेरी साधी होती. सँड प्लांटच्या सगळ्या माणसांमधून अशी माणसं काढ, ज्यांचा हजेरीचा टोकन नंबर एक्स-रे झालेल्यांच्या तक्त्यात नाही. चिठ्ठीवर मी मुद्दाम ‘अंदाज नाही’ असं लिहिलं. साहेबांनी आपली चिठ्ठी चार घड्या घालून पेपरवेटखाली सारली. मी बटण दाबलं. पडद्यावर एकच वाक्य आलं, ‘नो रोज सिलेक्टेड’. एकही ओळ नाही, म्हणजे एकही माणूस बाकी नाही.

नेमके तेव्हाच मॅनेजरसाहेब मोज्यांवर आत आले. पुढच्या आठवड्यात कारखाना तपासायला सरकारी इन्स्पेक्टर येणार होते, त्याची त्यांना काळजी होती.

“ज़ीरो? एक भी बाकी नहीं?” त्यांचा चेहरा उजळला. “वाह मैडम! चार बजे रायपुर फ़ोन करके गाड़ी मना कर देता हूँ। और आपका कन्फ़र्मेशन अब मैं ख़ुद देखूँगा।”

मी हवेत. साहेब जागचे हलले नाहीत. “सर, इसपे सही नहीं हुई है.”

“तो कर दीजिए। चार बजे तक नहीं हुई तो बिना सही के जाएगा।”

अडीच वाजले होते. मॅनेजर गेल्यावर साहेबांनी मला विचारलं, “मनहरण कोठी हाय?”

“म्हणजे?”

“आत्ता खिडकीत येऊन गेला ना? त्याचा फोटू झाला का?”

“नाही.”

“मंग दाखवा त्याले यादीत. कोन्तीही यादी काढली का वळखीचा एक तरी मानूस त्यात शोधा. तो नसन त यादी फाडा.”

“मशीन म्हणतंय सगळ्यांचं झालं,” मी म्हटलं. या वाक्याची मला आजही लाज वाटते. आठ महिने रोज जो माणूस माझ्यापुढे उभा राहून खोकत होता, त्याच्याविरुद्ध मी एका पडद्याची साक्ष काढली, कारण त्या पडद्यामुळे मी कायम होणार होते.

साहेबांनी वाद घातला नाही. एक्स-रे झालेल्यांचा अख्खा तक्ता छापायला लावला, टेबलावर पसरला आणि लाकडी पट्टी एकेका ओळीखाली ठेवत निघाले. ओळ, पट्टी, खोकला. ओळ, पट्टी, खोकला. चौथ्या पानावर पट्टी थांबली. त्या ओळीत तारीख होती, एक्स-रेच्या प्लेटचा नंबर होता, पण टोकन नंबराची जागा कोरी. ऑपरेटर म्हणाली, दवाखान्याची ती चिठ्ठी तेलात भिजली होती, नंबर वाचता येईना, म्हणून तिने काही भरलं नाही.

“म्हणून काय झालं?” मी म्हटलं. “एकाचा नंबर नाही, तर एकाचाच घोळ. बाकीचे कुठे गेले?”

“बाई, तुमच्या लग्नात मी दारात उभा हाय,” साहेब म्हणाले. “हातात पाहुन्याईची यादी. ज्याचं नाव त्यात नाही, त्याले बाहेर काढाचं. बरं. यादीतलं एक नाव पान्यानं पुसून गेलं. आता एक मानूस आला. बाकी यादीत त्याचं नाव नाही. पन ते पुसलेलं नाव त्याचंच असन त? मी त्याले म्हणू शकतो का, का तू यादीत नाहीस?”

“नाही.”

“दुसरा आला. त्याले?”

“त्यालाही नाही.”

“कोनालेच नाही. एक नाव कोरं, त एकही मानूस बाहेर काढता येत नाही. मशीन तेच करून राहिलं. कोऱ्याले ते शून्य समजत नाही. मले माहीत नाही म्हनते, अन् गप बसते. त्याच्या गप बसन्याले तुमी झीरो म्हणून राहिल्या.”

हे मला कोणत्याही क्लासमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या मॅन्युअलमध्येही ते असलं तर त्या काळ्या पानांतच असणार.

पुढचा पाऊण तास आम्ही तिघं धावलो. शिपायाने दवाखान्यातून चिठ्ठ्यांची फाइल आणली. साहेबांनी ती तेलकट चिठ्ठी ट्यूबलाइटला लावून नाव वाचलं आणि त्या माणसाचा टोकन नंबर तोंडपाठ सांगितला. ऑपरेटरने तो भरला. मी क्वेरीत आणखी एक अट घातली, की तक्त्यातल्या कोऱ्या जागा विचारात घेऊ नकोस. बटण दाबलं आणि प्रिंटर खडखडायला लागला. मनहरण सातव्या ओळीवर होता. एकूण ओळी चौसष्ट.

मी आनंदाने ओरडलेच. साहेबांनी आपली चिठ्ठी उलगडली. त्रेसष्ट.

“एक जास्त हाय,” ते म्हणाले आणि लाल पेन्सिल परत खिशात ठेवली.

“साहेब, साडेतीन वाजून गेले! एकाने काय होतं? गाडी रद्द होईल!”

“एक जास्त कावून हाय ते पाहू.”

मला त्या क्षणी त्यांचा गळा दाबावासा वाटला. ज्याने चौसष्ट माणसं शोधून काढली, तोच आता एका माणसासाठी चौसष्टांची गाडी घालवायला निघाला होता. पुन्हा पट्टी. या वेळी एका बाजूला यादी, दुसऱ्या बाजूला त्यांचं हजेरीचं जुनं रजिस्टर. ओळ, पट्टी, खोकला. चार वाजायला दहा मिनिटं असताना शेवटच्या पानावर मलाच ती ओळ दिसली. टोकन नंबर अकराशे सतरा. नाव वाचलं आणि मला हसू आवरेना.

“साहेब, हे तर तुम्हीच!”

ते चष्मा वर करून बघत राहिले. सहा वर्षांपूर्वी ते सँड प्लांटमधून इथे आले, पण कॉम्प्युटरमध्ये त्यांचा विभाग कोणी बदललाच नव्हता. मशीनच्या लेखी ते अजून त्या जाळीच्या खिडकीत बसून धूळ खात होते आणि त्यांचा एक्स-रे बाकी होता. दुसऱ्यांना मोजताना त्यांनी स्वतःला धरलं नव्हतं.

“मी सँडचा नोहे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. “मी हापिसचा मानूस. डेटा जुना हाय.”

“मग विभाग बदलायला फॉर्म भरावा लागेल, परवानगी...”

“आता टाइम नाही. एक ओळ टाका. अकराशे सतराले सोडून.”

आठ महिन्यांत मी त्यांचं एकही म्हणणं वाद घातल्याशिवाय ऐकलं नव्हतं. हे मात्र ऐकलं. ओळ टाइप करायला दहा सेकंदही लागली नसतील. पुन्हा प्रिंट काढला, त्रेसष्ट ओळी. साहेब चक्क हसले. चिठ्ठी डब्यात टाकली, लाल पेन्सिल काढली. सही करताना खोकल्याची उबळ आली, तेव्हा सही वाकडी होऊ नये म्हणून मी कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला.

मॅनेजरने कागद पाहून कपाळाला हात लावला. “अभी तो ज़ीरो था!”

“कोरा डेटा था सर,” साहेब म्हणाले. “बाई ने पकड़ा.”

संध्याकाळी साहेबांनी ड्रॉवरमधून माझा फॉर्म काढून सही केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘अंदाज येऊ लागला आहे’.

गाडी आली. दोन दिवस साहेब तिच्या पायरीशी यादी आणि पट्टी घेऊन उन्हात उभे होते, स्वेटर घालूनच. एकेक माणूस वर चढला की एकेक टिक. मनहरण उतरला तो दात काढून हसतच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्रेसष्टावी टिक झाली. एक्स-रेवाला पोरगा आतून ओरडला, “बाबूजी, एक प्लेट बच गई है, बड़ी खाँसी है आपको, आप भी आ जाओ!”

साहेबांनी यादीवरून शेवटपर्यंत पट्टी फिरवून खात्री केली. “लिस्ट में नहीं है,” ते म्हणाले.

मी बाजूलाच उभी होते. मी हसले. घरी जाऊन आईलाही ते सांगितलं आणि तीही हसली.

मनहरणच्या छातीत डाग निघाला, अगदी सुरुवातीचा. त्याला वाळूतून काढून गेटवर बसवलं, औषधं सुरू झाली. वर्षभराने तो पुन्हा आमच्या खिडकीशी आला, गाल भरलेले. “फोटू ह मोला बचा लिस, बाई,” म्हणाला आणि आत वाकून साहेबांची खुर्ची शोधू लागला. खुर्ची रिकामी होती. साहेबांनी तब्येतीच्या कारणाने मुदतीआधीच नोकरी सोडली होती.

मी जुनवानीला त्यांच्या घरी एकदाच गेले. खाटेवर उशांना टेकून बसलेले, तोच चॉकलेटी स्वेटर, आत माणूस निम्मा. काकूंनी चिवड्याची बशी माझ्या हातात दिली आणि हळू आवाजात सांगितलं, “डॉक्टर म्हनते, इतके वर्स धुळीत होते अन् एकही फोटू कावून नाही काढला?” साहेबांनी दोन वाक्यांइतका दम गोळा केला.

“ती ओळ हाय का अजून? अकराशे सतराची?”

“आहे, साहेब.”

“काढून टाक, पोरी. डेटा बरोबर होता.”

पोरी त्यांनी मला पहिल्यांदाच म्हटलं. मला काहीतरी बोलायचं होतं, माफी मागायची होती, पण मी फक्त हो म्हटलं आणि चिवडा संपवला.

पंधरा दिवसांनी ते गेले. त्या आठवड्यात नव्या वर्षाची एक्स-रेची यादी काढायची होती. आदल्या दिवशी जुन्याच क्वेरीने मी ती करून पाहिली होती, एक्केचाळीस माणसं आली होती. मी क्वेरी उघडली. ती ओळ तिथेच होती. ती काढली आणि सवयीने चिठ्ठी घेतली. एक माणूस आता वगळला जाणार नव्हता, तेव्हा बेचाळीस लिहायला हवं होतं. पेन टेकवलं आणि माझ्या लक्षात आलं, की ते आता कारखान्याच्या कुठल्याच तक्त्यात नाहीत. मी एक्केचाळीस लिहिलं.

बटण दाबलं. एक्केचाळीस आले. नोकरीला लागल्यापासून माझा अंदाज पहिल्यांदाच तंतोतंत बरोबर निघाला होता. चिठ्ठी हातात धरून मी बसून राहिले, आणि मला भेव लागलं.